जेवणानंतरचे दोन तास

९ जानेवारी

भिंगरी,

'प्रिय' लिहिलं नाही. ते वाचून तू पत्र तिथल्या तिथे फाडशील असं वाटलं. इथपर्यंत आली असशील तर आणखी एक मिनिट दे. काम छोटं आहे. मला आईच्या कालवणाची कृती हवी आहे. नारळाच्या दुधातलं, रविवारी करायची ते. कशी आहेस, मी कशी आहे, असलं काही नको. नुसतं सामान आणि क्रम लिही. पोस्टकार्डावर मावेल.

कारण सांगायला हवं. मला साखर निघाली. नोव्हेंबरात अक्षरं पाण्यात पडल्यासारखी पसरायला लागली. मी अजून वाचनालयाच्या दुरुस्तीच्या खोलीतच आहे, खिडकीजवळच्या त्याच मेजावर फाटक्या पुस्तकांच्या पाठी शिवते. एके दिवशी दाभणात दोरा ओवता येईना. मला वाटलं चष्मा बदलायला झाला. डोळ्यांच्या डॉक्टरने बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, "आधी रक्त तपासून या."

म्हणजे आईचे दागिने तुला आणि हे मला. हसलीस तरी चालेल, मीही हसले होते.

दवाखान्यात आहार ठरवून देणारी एक बाई आहे. तिशीचीही नसेल. तिच्या टेबलावर तीन मापांच्या वाट्या ओळीने मांडलेल्या असतात, म्हणून मी तिला मनात 'वाटीवाली' म्हणते. मी वही-पेन काढून तयार बसले होते, काय काय बंद करायचं ते उतरवून घ्यायला. आईच्या वेळी तसंच केलं होतं ना मी, मोठ्या अक्षरांत यादी करून फ्रीजवर चिकटवली होती.

तर ही विचारते, "तुम्हाला आवडतं काय? काय बंद केलं तर रडू येईल?"

"मी रडणारी बाई नाही," मी म्हटलं.

"तरी सांगा."

तोंडातून निघून गेलं, "आईचं कालवण." बरीच वर्षं तो शब्दसुद्धा मी उच्चारला नव्हता.

तिने ते लिहून घेतलं आणि म्हणाली, "मग कृती घेऊन या. बसवू आपण ते तुमच्या जेवणात."

बसवू! मी तिच्याकडे बघतच राहिले. सहा वर्षं मी आईला त्याचा वासही घेऊ दिला नाही, आणि ही पोर बसमध्ये जागा करून द्यावी तसं म्हणते, बसवू.

कृती तुझ्याच हातात आहे. मला कधी आलं नाही ते. एवढंच.

ताई


३१ जानेवारी

भिंगरी,

पोस्टकार्ड आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. वाटीवाली मात्र दर पंधरा दिवसांनी विचारते, "कालवण कुठवर आलं?" एखाद्या मुलीचं लग्न ठरवत असावी तशी. म्हणून मी आठवून आठवून करायला घेतलं.

पहिल्यांदा केलं ते माझ्या आठवणीबरहुकूम. दाट दूध, चार बटाटे, लिंबाएवढा गूळ. गूळ तर होताच, अजून जिभेवर आहे माझ्या. सोबत ताटभर भात. दोन तासांनी बोट टोचलं तर दोनशे त्रेचाळीस. वाटीवालीने आकडा बघितला, पण ओरडली नाही. म्हणाली, "कालवणावर एकदम आळ घेऊ नका हो. आधी तो भाताचा डोंगर बघा, मग गूळ, मग बटाटे. नारळ सगळ्यात शेवटी, तोसुद्धा जपून." तिने मधली वाटी माझ्या हातात दिली. भात एवढाच. आधी काकडी-टोमॅटो खायचं, मग बाकीचं. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, थोडं चालायचं. बोट टोचायचं ते पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी.

दुसऱ्यांदा गूळ काढला. बटाटे दोन, दूध पातळ. एकशे अठ्ठ्याण्णव. चव मात्र अशी की कामावरची खळ आठवली. दुरुस्तीच्या खोलीत मी पिठाची खळ शिजवते ना, पाठी चिकटवायला, अगदी तशी. पांढरी, गुळगुळीत, मुकी.

तो दोन तासांचा वेळ विचित्र असतो. करण्यासारखं काही नसतं आणि झोपायचंही नसतं. मी खिडकीशी बसते. समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाळत असतात. त्या फुगतात, बसतात, पुन्हा फुगतात. घर हळूहळू श्वास घ्यायला लागल्यासारखं वाटतं. आई याच खुर्चीत बसायची. मी तिला विचारायचे, "कसला विचार करतेस?" ती म्हणायची, "विचार कुठला, दारात पाऊल वाजतंय का ते ऐकतेय." पाऊल तुझं. शनिवारी तू यायचीस.

काल दुपारी डोळा लागलाच. स्वप्नात स्वयंपाकघर पाण्याखाली होतं, पण कुणी बुडत नव्हतं. आई केस मोकळे सोडून पातेल्यात डाव फिरवत होती. वाफ वर जायची सोडून खाली उतरत होती, फरशीवरून माझ्या पायांपर्यंत. म्हणाली, "वाढू का?" मी म्हटलं, "थांब, आधी मोजू दे." मग मी साखर मोजायचं यंत्र शोधत बसले. एकेक खण उघडते तर आत ओला कापूस. मागे वळून बघितलं, तर पातेलं होतं आणि ती नव्हती.

तुझ्या त्या डब्याबद्दल मला काही... जाऊ दे. पुन्हा कधीतरी.

कृती पाठव.

ताई


२२ फेब्रुवारी

भिंगरी,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. शिवायचं काम करणाऱ्या बाईने एवढा कागद फाडावा, हे बरं नाही. आता एका बैठकीत लिहून, न वाचता पाकिटात घालणार आहे.

मंगळवारी संध्याकाळी कालवण खायचं ठरवलं होतं. तिसरा प्रयत्न. आकडा चांगला यावा म्हणून दुपारी जेवलेच नाही. गोळी मात्र वेळेवर घेतली. मी नियमाची बाई, तुला माहीत आहे.

तीनच्या सुमाराला एका जुन्या नकाशांच्या पुस्तकाची पाठ शिवत होते. आधी उन्हाचा रंग बदलला, मधासारखा झाला. नकाशातल्या नद्या हलायला लागल्या. मला त्याचं काहीच वाटलं नाही, उलट छान वाटलं. वाटलं, या पाण्यावरून चालत गेलं तर पलीकडे आपलं स्वयंपाकघर आहे. मग हात थरथरायला लागले, पाठीवरून घामाची धार लागली, आणि आपल्याला कुणाला तरी हाक मारायची आहे, पण हाक कशी मारतात तेच आठवेना.

आमच्याकडे शिडीवर चढून वरच्या फळ्यांवरची पुस्तकं काढून देणारे काका आहेत. ते पुस्तक घेऊन आत आले आणि माझा चेहरा बघून पुस्तक खाली टाकलं. तीस वर्षांत त्यांनी कधी पुस्तक टाकलं नव्हतं. त्यांच्या चहाच्या डब्यातली साखर पाण्यात घालून त्यांनी मला पाजली, ग्लास दातांवर आपटत होता. "प्या. बोलू नका. प्या," एवढंच म्हणत होते. दहा मिनिटांनी ऊन पुन्हा साधं ऊन झालं. यंत्र पर्समध्ये होतं. साखर पिऊनसुद्धा आकडा छप्पन्न.

वाटीवाली या वेळी ओरडली. "उपाशीपोटी ती गोळी घ्यायचीच नाही! साखर चढलेली एक दिवस चालेल, उतरलेली एक तास चालत नाही!"

तिला काय माहीत, मला ते माहीत होतं. नऊ वर्षांपासून माहीत होतं.

आता लिहिते.

त्या शनिवारी तू बाराला डबा घेऊन आलीस. तुला मुलीला शाळेतून आणायचं होतं, म्हणून दारातूनच दिलास. "ताई, आज तिला हे वाढ, एकदाच, माझ्यासाठी," म्हणालीस. मी म्हटलं, "बघते." आईला नुकतंच इन्सुलिनचं इंजेक्शन दिलं होतं. अर्ध्या तासात तिला जेवायला घालायचं होतं. डबा ओट्यावर ठेवला. ठरवलं, हे द्यायचं नाही, पटकन भाजी-पोळी करू. झाकण उघडलं ते नुसतं बघायला.

भिंगरी, ते सगळं मी खाल्लं. ओट्याशी उभी राहून, चमच्याने. आईला सहा वर्षं नाही म्हणताना मी स्वतःही खाल्लं नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं तसं. आणि तुझं पाऊल वाजलं की तिचा चेहरा उजळायचा, आणि रोज तिचं अंग पुसणारी मी आत गेले की ती फ्रीजवरच्या यादीकडे बघायची. हे सगळं त्या डब्यात होतं. मी चाटून पुसून खाल्लं. मग जरा टेकावं म्हणून खुर्चीत बसले. जाग आली तेव्हा चार वाजले होते.

आई स्वयंपाकघराच्या दारात पडली होती. घामाने पातळ भिजलेलं. ती काहीतरी खायला शोधत आली असणार. तिने मला हाका मारल्या असतील का, मला माहीत नाही. मंगळवारी कळलं, कदाचित तिला मारताच आल्या नसतील. त्याच्याच टेकूवर मी तीन दिवस उभी आहे.

तिची साखर एकतीस होती. तिसऱ्या दिवशी ती गेली. तू विचारलंस, "काय झालं?" मी म्हटलं, "साखर." खोटं नव्हतं. पण चढली की उतरली ते मी सांगितलं नाही, आणि सगळ्यांनी चढली असंच धरलं. मामांनी सगळ्यांसमोर विचारलं, "शनिवारी डबा कुणी आणला होता?" तू म्हणालीस, "मी." मामा म्हणाले, "तुझ्या कालवणाने बहीण गेली माझी." मी तिथेच होते. खाली बघत होते.

दवाखान्याचा कागद सोबत जोडते आहे. आकडा बघ. वेळ बघ. तो कागद मी नऊ वर्षं एका पुस्तकाच्या पुठ्ठ्याआड ठेवला होता.

कृती पाठवू नकोस.

ताई


४ मार्च

ताई,

तीन पत्रं एकदम वाचली. आधीची दोन मी उघडलीच नव्हती, ड्रॉवरमध्ये टाकली होती. तिसरं जाड लागलं म्हणून फोडलं.

मी काय लिहू? तलावावर मुलांना पोहायला शिकवते मी. परवा एका पोरीला पाण्यावर तरंगायला शिकवत होते. तिच्या पाठीखाली माझा हात, आणि मी म्हणतेय, "सोड अंग, मी आहे." आणि मनात एकच, हिच्या आईला माहीत असतं की मी माझ्या आईला मारलं, तर तिने पोरगी पाठवली असती का माझ्याकडे? नऊ वर्षं, ताई. नऊ वर्षं मी घरात नारळ फोडला नाही. नवरा बाहेर कुठे कालवण मागवायचा तर मी टेबलावरून उठायचे. माझ्या मुलीला वाटतं आजी माझ्या हातचं खाऊन गेली. ती सात वर्षांची होती तेव्हा. कुणीतरी सांगितलंच तिला.

कृती पाठवू नकोस म्हणतेस. पाठवते. मुद्दाम पाठवते.

आईच्या कालवणात गूळ नव्हता. कधीच नव्हता. तो गोडवा कांद्याचा. चार कांदे उभे चिरून मंद आचेवर पाऊण तास, हलवत राहायचं, रडत राहायचं. बटाटे ती तुझ्यासाठी घालायची, कारण तू लहानपणी त्याशिवाय जेवायची नाहीस. तिला स्वतःला घेवडा आवडायचा.

त्या डब्यात बटाटा नव्हता. घेवडा होता, फ्लॉवर होता, मूठभर भिजवलेले हरभरे होते. दूध दुसऱ्यांदा पिळलेलं, पातळ. मी सहा महिने जमवत होते ते. आमच्या इथल्या डॉक्टरांना विचारून, प्रत्येक वेळी थोडं बदलून. तिला चालेल असं केलं होतं, ताई. मोजून केलं होतं. म्हणून तर म्हणाले, एकदाच वाढ. तू तर खाल्लंस ना? तुला कळलंसुद्धा नाही?

तू रागावलीस का, माफ करशील का, असलं काही विचारू नकोस. मला माहीत नाही. एक कर. मामांना जाऊन सांग. पत्राने नाही, फोनवर नाही. समोर उभी राहून.

भि.


१९ मार्च

भिंगरी,

गेले होते. काल.

मामा आता ब्याऐंशीचे आहेत. पूर्वी जिन्यावरून पाऊल ओळखायचे, आता ठार बहिरे. यंत्र आहे, पण ते कानात घालायचं सोडून खिशात ठेवतात, 'बॅटरी वाचते' म्हणून. बाहेरच्या अंगणात खुर्चीवर बसले होते. आजूबाजूच्या सगळ्या खिडक्या उघड्या. कुणी भांडी घासतंय, कुणी पोराचा अभ्यास घेतंय.

मी पाया पडले, समोर स्टूल घेऊन बसले आणि रात्रभर जुळवलेली वाक्यं हळू आवाजात सांगायला लागले. ते हसऱ्या चेहऱ्याने मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "हो, हो, उकडतंय खरं."

"मामा, यंत्र घाला कानात!"

"बॅटरी संपली त्याची. तू बोल ना मोठ्याने. कोण आहे इथे?"

मग मी मोठ्याने बोलले.

"त्या शनिवारचा डबा मी खाल्ला!"

"काय खाल्लं?"

"डबा! भिंगरीचा! आईला दिलाच नाही! आई उपाशी होती!"

भांडी घासायचा आवाज थांबला. पोराचा पाढाही थांबला. मी त्या सगळ्या खिडक्यांसमोर ओरडत होते, "तिची साखर उतरली होती, मामा! चढली नव्हती! भिंगरीने काही केलं नाही! मी झोपले होते!" एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. जे शब्द मला नऊ वर्षं पुटपुटता आले नाहीत, ते त्या अंगणात घुमत होते. खरं सांगते, मध्येच मला वाटलं मी ओरडत नाहीये, लांब कुठेतरी बसून दुसऱ्या कुणाचं तरी ऐकतेय, आणि ती बाई कधी गप्प होईल याची वाट बघतेय.

मामांना कळलं. त्यांचं हसू गेलं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिले. मग विचारलं, "मी तिला काय बोललो होतो तेव्हा?"

मी सांगितलं. तेही ओरडूनच सांगावं लागलं.

त्यांनी डोळे मिटले. "ती लहान असताना मीच तिला खांद्यावर बसवून गोल फिरवायचो," म्हणाले. "भिंगरी नाव मी ठेवलं तिचं." मग म्हणाले, "तू आता जा. मला तुझ्याकडे बघवत नाही." मी उठले. फाटकापर्यंत आले, तर मागून हाक. "तिचा पत्ता लिहून ठेवून जा. मोठ्या अक्षरांत."

लिहून ठेवला. त्यांच्याकडून पत्र आलं तर उघड. त्यांचा हात थरथरतो, अक्षर लागायला वेळ लागेल.

आणि तू विचारलंस, कळलं नाही का. तुझं पत्र वाचेपर्यंत मी शपथेवर सांगितलं असतं की त्यात बटाटे होते. वाचलं आणि जिभेला आठवलं. घेवडा होता. दाताखाली करकरला होता. इतकी भूक होती की मी काय खातेय ते बघितलंच नाही.

ताई


१६ एप्रिल

भिंगरी,

तू रविवारी जाताना म्हणालीस, "सगळं एका कागदावर लिहून दे. मुलीला वाचायला देणार आहे." आधीची पत्रं तिला दाखवच, ती तुझ्याच जवळ आहेत. रविवारचं मात्र राहिलंय. तुला माहीत असलेलंच लिहिते आहे, पण हे तिच्यासाठी समज.

मुली, तुझी आई रविवारी सकाळी दहाला आली. मी दार उघडलं. ती माझ्याकडे न बघता थेट स्वयंपाकघरात गेली. पिशवीत कांदे, घेवडा, फ्लॉवर, भिजवलेले हरभरे, नारळ. सगळं सोबत आणलं होतं, माझ्या घरातलं काही घ्यायचं नाही असं ठरवून आल्यासारखं. खवणी तेवढी विसरली होती. ती मागावी लागली, तेव्हा पहिला शब्द बोलली.

नारळ तिने पायरीवर आपटला. दोनदा फुटला नाही. तिसऱ्यांदा फुटला तेव्हा ती तिथेच खाली बसली, दोन्ही वाट्या मांडीवर घेऊन. पाणी सगळं पदरावर गेलं. मी उठायला गेले तर म्हणाली, "तू बस." मी बसले.

पाऊण तास तिने कांदा परतला. मी दाराशी खुर्ची टाकून बघत होते. आधी डोळ्यांत जाणारा वास, मग कोवळा, मग गोड, मग तो. तो वास आला तेव्हा मला खोली मोठी झाल्यासारखी वाटली, भिंती थोड्या मागे सरकल्यासारख्या. आम्ही दोघी पुन्हा लहान होतो आणि आई आमच्या मधे उभी होती, फक्त वर बघायचं धाडस कुणात नव्हतं. तुझी आई म्हणाली, "तुलाही येतोय ना?" मी मान हलवली. तिने पातळ दूध घातलं, आच कमी केली. गूळ घातला नाही. मी गुळाचा डबा पुढे केलाही नाही.

आम्ही जेवलो. मधली वाटी भात, मोठी वाटी कालवण, आधी काकडी. एकमेकींकडे न बघता. मी हळूहळू खाल्लं, एकेक घेवडा. मला रडू आलं. वाटीवालीला सांगायला हवं, की बंद न करताही येतं.

घड्याळ पहिल्या घासालाच लावलं होतं. दोन तास.

"आता काय करायचं?" तुझ्या आईने विचारलं.

"चालायचं थोडं. मग वाट बघायची."

आम्ही खालच्या रस्त्याने निघालो. रविवार, दुकानं बंद. शेवटच्या वळणावरच्या पुलापाशी ती थांबली. म्हणाली, "आता पहिल्यापासून सांग. मी दारातून डबा दिला तिथून. काही गाळू नकोस." मी सांगितलं. ती मध्ये मध्ये विचारत होती. चमचा कुठला होता? आईच्या खोलीचं दार उघडं होतं की लोटलेलं? मी झोपले तेव्हा उन्हाची तिरीप कुठे होती? जे आठवत होतं ते सांगितलं. जे आठवत नव्हतं तिथे "आठवत नाही" म्हटलं. एकदा तिने माझ्यावर हात उगारला. खरंच उगारला, भर रस्त्यात. मी मान खाली घातली नाही या वेळी. तिने हात तसाच वर धरला, मग स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

मग म्हणाली, "तिला भूक लागली होती ना गं."

"हो."

"आणि आपण दोघी..."  ती परत वळली.

जाताना ती माझ्या दोन पावलं पुढे होती. परत येताना नव्हती.

घरी आलो तेव्हा घड्याळ वाजायला चार मिनिटं होती. ती चार मिनिटं आम्ही टेबलाशी बसून काढली, मधे ते यंत्र ठेवून. परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसं. वाजलं. मी बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला. एकशे एकोणपन्नास.

"म्हणजे काय?" तुझ्या आईने विचारलं.

"म्हणजे चालतं."

ती पुन्हा पुन्हा आकड्याकडे बघत राहिली. "चालतं," म्हणाली. "चाललं असतं तिला."

"हो," मी म्हटलं. "तू केलेलं तिला चाललं असतं."

मग तिने बाही वर सारली आणि हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"माझं बघ."

"तुला कशाला?"

"आईला होती, तुला आहे. मी काय पोस्टातून आलेय?"

मी नवी सुई लावली. तिचं बोट हातात घेतलं. तलावात राहून राहून तिच्या बोटांची टोकं सुरकुतलेली आहेत, मला माहीत नव्हतं ते. सुई टेकवून मी थांबले. ती म्हणाली, "दाब ना."

"दुखेल."

"दुखू दे."

मुली, तुझ्या आईने आजीला जे पाठवलं होतं ते मोजून-मापून, जीव लावून केलेलं जेवण होतं. ते आजीपर्यंत पोचलं नाही, ते माझ्यामुळे. इथे तुझ्यासाठीचं संपलं.

भिंगरी, हे खालचं तुझ्यासाठी. तुझी एकशे एकवीस आली होती. वाटीवालीला विचारलं. ती म्हणते काळजी नाही, पण घरात आहे तर सहा महिन्यांनी पुन्हा बघायला हवं. तुझ्या गावातही बघून देतील कुणीही.

यंत्र माझ्याकडे आहे, तेवढं सांगून ठेवते.

ताई